इनेझची पायरी

अगं अगं, तिथे नको टेकूस, ओली आहे ती पायरी अजून—इकडे ये, माझ्या पायरीवर बस, ही सकाळीच वाळली. संगमरवर आहे, गार लागेल, हा पुठ्ठा घे खाली. हां. आता बोल. नाही, थांब, आधी मीच बोलते. परवा चर्चच्या तळघरात तुमच्या त्या सभेत मी ओरडले, ते तुझ्या मनाला लागलं असणार, आणि तू माफी मागायला आलीस की मला मागायला लावायला आलीस ते मला कळत नाहीये. मला मागायला लावायला आली असशील तर चहा पी आणि चालू लाग. बर्फ घातलाय, साखर जास्त आहे, मी कमी घालत नाही. गळ्यात अडकवलंयस त्या कार्डावर काय नाव आहे—जोसेट. म्युनिसिपालटीची जोसेट. मी ल्युवेनिया गास्किन्स, पण मिस लू म्हण, सगळे तेच म्हणतात. म्हणायचे. आता म्हणायला उरलंय कोण, तो कोपऱ्यावरचा वॉर्डेल आणि घोडागाडीवाला फळवाला, तोही शुक्रवारच्या शुक्रवारी येतो, आज यायचाय अजून.

काय म्हणालीस? परत सांग. ऐकू येतं मला, कान शाबूत आहेत माझे, तरी परत सांग. रांगेतल्या दहा घरांत आठ ओस पाहिजेत, तरच म्युनिसिपालटी अख्खी रांग ताब्यात घेणार, नव्याने उभी करणार, आणि राहत्या माणसाला परत त्याच रांगेत घर देणार. हे सभेतही ऐकलं मी. आणि आमच्या रांगेत किती? पाच. पाचच! बये, तुला मोजता येतं ना? चल मोजू, इथूनच दिसतं सगळं, उठायलाही नको. कोपऱ्यावर वॉर्डेल, तो जिवंत आहे, साखरेने एक पाय नेला पण बाकीचा आहे जागेवर. त्याच्यापासून इकडे चार घरं—फळ्या ठोकलेलं, जळलेलं, खिडकीतून झाड बाहेर आलंय ते, परत फळ्या ठोकलेलं. मग मी. माझ्या या बाजूला इनेझ बूझर, मग फेल्प्स मास्तर, मग टॉलिव्हर बहिणी, आणि टोकाचं ते ज्याचा दर्शनी भाग केव्हाच रस्त्यावर येऊन पडला. आता सांग. इनेझच्या घरात कुणी नाही. मास्तरांच्या घरात कुणी नाही. टॉलिव्हर बहिणी तर एकीमागून एक गेल्या, एकाच हिवाळ्यात. झाली की नाही आठ? बरोबर आठ! मग ही तिघं माणसं तुम्ही कुठून आणलीत तिथे राहायला, मला भेटव तरी, कुणीतरी बोलायला मिळेल.

नाही म्हणजे काय! तू त्या भिंतीला हात लाव. बसल्या बसल्या, दारातून आत हात घाल, ती इनेझच्या बाजूची भिंत, तिची आणि माझी सामाईक. दाब जरा. दाबलीस? पावाचं पीठ फुगावं तशी फुगलीय की नाही? आणि हात बघ तुझा आता, पांढरा झाला, पूस त्या फडक्याला. दोन हिवाळ्यांपूर्वी इनेझचं छप्पर बसलं. तिची न्हाणी माडीवरून निघाली ती थेट स्वयंपाकघरात येऊन बसली, टबासकट, नळासकट—मी ऐकला तो आवाज, मला वाटलं माझंच घर गेलं. तेव्हापासून पाऊस तिच्या घरात पडतो आणि माझ्या भिंतीतून पाझरतो. मी वरची खोली सोडली, पलंग खाली बैठकीत आणला. विम्याचा माणूस आला, त्याने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी घालून निघून गेला. गवंडी आला, तो निदान बोलला तरी. म्हणाला, मिस लू, ही भिंत इकडून नाही दुरुस्त होत, ती तिकडून दुरुस्त करायला पाहिजे. तिकडून! तिकडे कोण आहे? म्हणाला, येता हिवाळा ही काढत नाही. हे त्याचे शब्द. आता ऑक्टोबर उजाडला, जोसेट.

आणि माझं छप्पर नवं आहे, हे ध्यानात घे. एल्वुडने, माझ्या नवऱ्याने, पोलादाच्या कारखान्यात फुप्फुसं जाळून जी पेन्शन मिळवली, त्यातून घातलं मी. काय उपयोग झाला? अगं, चर्चमध्ये लांब बाक असतो ना, दाटीवाटीने बसलेलो असतो आपण, कडेचा उठला की शेजारचा कलतो, तो कलला की त्याच्या शेजारचा. तशी ही घरं आहेत. एकमेकांच्या खांद्यावर उभी केलीत शंभर वर्षांपूर्वी, शेजारी पडेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझं कितीही जपलं तरी माझं घर इनेझच्या घरावर उभं आहे. आणि इनेझच्या घराचा मालक कोण? एक टपालपेटी. फ्लोरिडात. इनेझच्या पुतण्याने ते कुठल्याशा कंपनीला विकलं, त्या कंपनीने कर थकवला, मग दुसरीने घेतलं, तिसरीने घेतलं, आणि कुणी एकदाही इथे येऊन दार उघडलं नाही. त्यांना घर नकोच आहे. जागा धरून बसायचंय, कधीतरी भाव येईल म्हणून, तोवर आमच्या डोक्यावर पडलं तर पडलं. तिथे जाऊन छपरावर एक ताडपत्री टाकायची म्हटली तरी मला गुन्हा लागेल. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी. मग कोण करणार हे? मी करू शकत नाही, वॉर्डेल करू शकत नाही, देव करणार नाही, त्याला छपराचं काम येत नाही. टपालपेटीकडून घर काढून घ्यायची ताकद फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून ओरडले मी.

त्या रेव्हरंड ओडमचं काय बोलतेस! सभेत उठून म्हणाला, बंधूंनो, म्युनिसिपालटीला बोट दिलं की ती हात धरेल, आपल्याला हाकलून लावेल. टाळ्या पडल्या. टाळ्या कुणी वाजवल्या बघितलंस ना? मोटारी बाहेर उभ्या होत्या त्यांच्या, शहराबाहेरच्या काउंटीतल्या. रविवारी इथे येतात देवाला भेटायला आणि जेवायच्या आत परत जातात. मी म्हटलं, रेव्हरंड, हाकलायला आहे कोण इथे? मला आणि वॉर्डेलला हाकलायला म्युनिसिपालटी कशाला पाहिजे, एक चांगला पाऊस पुरे. तर म्हणतो, सिस्टर गास्किन्स, तुम्हाला इतिहास माहीत नाही.

मला! मला इतिहास माहीत नाही! बये, माझ्या आईचं घर तुमच्याच लोकांनी पाडलं. मोठा रस्ता करायचा होता, घरं मध्ये येत होती. तेव्हाही अशीच एक बाई आली होती, तुझ्यासारखीच, फक्त हातमोजे घातलेली आणि गोरी, आईच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, ही वस्ती सडलीय. सडली नव्हती गं. आईच्या पायरीत तोंड दिसायचं. आम्ही सगळे ओरडत होतो, राहतो आम्ही इथे, चांगलं आहे आमचं, नका पाडू—पाडलं. रस्ता थोडासा झाला आणि तिथेच थांबला, अजून आहे तो, खड्ड्यात पडून, कुठेही जात नाही. आई भाड्याच्या खोलीत गेली आणि तिथे पायरीच नव्हती म्हणून खिडकीची कड घासत बसायची. आणि आता मी ओरडतेय—सडलंय, या, बघा, पाडा, बांधा—तर तुम्ही म्हणता छान आहे की, माणसं राहतात की! तेव्हा चांगलं होतं त्याला सडलं म्हणालात, आता सडलंय त्याला चांगलं म्हणता. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. आणि तरी मी तुम्हालाच बोलावतेय, ज्या हातांनी आईचं पाडलं त्याच हातांना. कारण दुसरे हातच नाहीत. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं आणि काय. चहा घे अजून.

हं? काय बघून मोजलंत म्हणालीस? परत सांग.

पायऱ्या.

तू गाडीतून बघितलंस, पायऱ्या पांढऱ्या होत्या, आणि तू लिहिलंस माणूस राहतो. तूच? तू स्वतः? तुला कुणी शिकवलं हे, पुस्तकात आहे? आजीने. शहराच्या पूर्वेकडची का तुझी आजी? मग बरोबर. त्या बायका तर पहाटे उठायच्या, आमच्याआधी पायरी झाली पाहिजे म्हणून. डबीतली पांढरी पावडर, आणि तो दगड, टाचा घासायला असतो ना तसला, आणि गुडघ्याखाली जुन्या सतरंजीची वळकटी. आम्ही शनिवारी घासायचो. अख्खी रांग एकदम, बायकाच बायका, ढुंगणं रस्त्याकडे आणि तोंडं दाराकडे, आणि गप्पा भिंतीवर आपटून एकीकडून दुसरीकडे. मी आणि इनेझ तर पैज लावायचो, कुणाची आधी होते. ती खोटं बोलायची, खालची पायरी नुसती ओली करून म्हणायची झाली. ...खरं सांगायची तुझी आजी. पायरी पांढरी म्हणजे घरात बाई आहे. बाल्टिमोरमध्ये जन्मलेलं कुणीही हेच सांगेल, त्यात तुझी चूक नाही.

पावसाने धुतल्या असतील. जोराचा झाला की मागे.

हसू नकोस. माहीत आहे मला, पावसाने धुतलेली पायरी हिरवी होते. आणि तुझं बूड आत्ता जिथे टेकणार होतं ती इनेझची होती, आणि ती ओली होती, आणि माझ्या दारात ही बादली आहे, आणि तुला दोन डोळे आहेत. बरं. मी घासते. झालं समाधान? उद्या पाऊस सांगितलाय म्हणून आज शुक्रवारीच उरकलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? माझ्या पायरीचं घाण पाणी तिच्या पायरीशी जाऊन साठतं, ते कोण काढणार? आणि इनेझ नर्सिंग होममध्ये गेली ती महिन्याभरात येते म्हणून गेली होती. येऊन हिरवी पायरी बघितली असती तर मला म्हणाली असती, लू, मी मेले होते का? म्हणून ठेवली साफ. ती आली नाही. मग एकदम थांबायचं कसं, गुडघ्यांना सवय झाली होती. आणि तिची केली तर मास्तरांची डोळ्यांत खुपायची, त्यांनी माझ्या पोराला गुणाकार शिकवला, आणि मास्तरांची केली तर टॉलिव्हर बहिणी काय म्हणतील. पुढे टोकाचं घर तेव्हाच गेलेलं होतं, नाहीतर तेही केलं असतं.

पडदे? कुठले पडदे? ...हो, ते माझेच. मास्तरांच्या खिडकीतला निळा माझ्या जुन्या चादरीचा आहे. किल्ल्या आहेत माझ्याकडे सगळ्यांच्या, शेजाऱ्याची किल्ली शेजाऱ्याकडेच असते—मालक फ्लोरिडात, किल्ली इथे. तोंड असं नको करूस, ऐक तरी. तांब्याचे चोर माहीत आहेत ना? रात्रीत शिरतात, भिंती फोडून नळ्या उपटून नेतात, पाणी सोडून जातात तसंच, आणि ते पाणी कुठे येतं? माझ्या तळघरात. त्या जळक्या घरात तसंच झालं होतं, वरून आग आणि खालून पाणी. तर चोर काय बघतो? खिडकीला पडदा आहे का. संध्याकाळी दिवा लागतो का. कचऱ्याच्या दिवशी डबा बाहेर येतो का. पायरी साफ आहे का. मी डबे लावते सगळ्यांचे, मंगळवारी, प्रत्येकात थोडा थोडा माझाच कचरा घालून. दिवा इनेझकडे लावलाय, वायर माझ्या तळघरातून नेलीय, बटणाला ते घड्याळ बसवलंय, सहाला लागतो आणि दहाला विझतो. इनेझ दहालाच झोपायची. एक चोर नाही फिरकला या तीन घरांत. आणि तूही तेच बघितलंस, पडदा, डबा, पायरी! चोर आणि म्युनिसिपालटी, दोघंही गाडीतूनच बघतात. मला एकाला फसवायचं होतं, दुसरा आपणहून फसला, त्याला मी काय करू?

आणि फसवणूक म्हणशील तर शिकवली कुणी? तुम्हीच ना! आठवतं तुला—तू नसशील जन्मली—फुटक्या खिडक्यांवर फळ्या ठोकून त्यांच्यावर कुंड्या रंगवल्या होत्या, लाल फुलं, पडद्यामागे मांजर. कुठलासा पाहुणा मोठ्या रस्त्यावरून जाणार होता, त्याला बरं दिसावं म्हणून. त्याला तुम्ही सुशोभीकरण म्हणता. माझ्या पडद्याला निदान कापड तरी आहे. आणि मागून बघा ना एकदा! मागच्या बोळात ये, तिथून इनेझच्या माडीत बघ, आभाळ दिसतं, कबुतरं दिसतात. काय? नियम असा आहे की रस्त्याच्या बाजूनेच. आणि आत पाऊल टाकायचं नाही, खाजगी मालमत्ता. छान. शाबास. मेलेल्याची नाडी नका बघू, कपडे तेवढे बघा.

लाल पाटी? कसली लाल पाटी? असं? इनेझच्या दारावर लावली होती तुम्ही, छप्पर बसलं तेव्हा, पांढरी फुली मारलेली—म्हणजे आग लागली तरी बंबवाल्यांनी आत जाऊ नये, घर भरवशाचं नाही. मग पडली असेल वाऱ्याने. चार खिळे होते काय? मोठा वारा असेल. ...असू दे. माझ्या स्टोव्हच्या मागे आहे ती. टाकली नाहीये, तुमची वस्तू आहे, नेलीस तर ने. काढली मी, कारण शेजारच्या दारावर तसलं काही लटकलेलं असलं की माणसाला वाटतं पुढचं दार आपलं. आणि क्लिफ्टनने बघितली असती तर त्याच दिवशी—

काही नाही. क्लिफ्टन माझा मुलगा. तू चहा संपव.

काउंटीत असतो, रँडल्सटाउनला. चांगला आहे, मोठा हुद्दा आहे, बायको चांगली आहे, माझ्यासाठी खालची खोली करून ठेवलीय केव्हाची, जाड कार्पेट घातलंय, पाय बुडतो त्यात. मला नको आहे ते. त्या घराला पायरीच नाही गं! गाडी गॅरेजात शिरते, गॅरेजातून दार उघडलं की स्वयंपाकघर, बाहेरच्या माणसाला कळतही नाही आत कोण आहे, आहे का मेलं. पण त्याला एवढीच काळजी की आई एकटी. म्हटलं, एकटी कशी? इनेझ आहे शेजारी, मास्तर आहेत पलीकडे, टॉलिव्हर बहिणी आहेत, आम्ही एकमेकींना बघतो. म्हणतो, मग ठीक आहे. येतो रविवारी, गाडीतूनच, आत फार येत नाही, गाडी नवी आहे ती रस्त्यावर सोडायला भितो. मी बाहेर येते, या पायरीवर उभी राहते म्हणजे त्याला भिंत दिसत नाही. म्हणतो, आई, मिस इनेझचा दिवा दिसत नाही आज? म्हटलं, अजून सहा वाजायचेत. म्हणतो, कशा आहेत त्या? म्हटलं, झोपल्यात.

मग काय सांगू? ती नर्सिंग होममध्ये गेली तेव्हा मी सांगितलं नाही, म्हटलं येईलच परत. मग ती गेली, तिला कॅरोलायनात नेऊन पुरली, आणि आता सांगायचं तर आधी तिला जिवंतपणी नर्सिंग होममध्ये पोचवायला पाहिजे ना! ते राहिलं ते राहिलंच. थँक्सगिव्हिंगला सून माझ्याबरोबर डबा देते तिच्यासाठी, टर्की, वर सॉरक्रॉट, म्हणजे आंबवलेला कोबी, तिला आवडायचं म्हणून जास्तीचं घालते. मीच खाते तो. दोन दिवस पुरतो. इनेझची मापं मोठी होती. मागच्या वर्षी सुनेने विचारलं, आवडलं का त्यांना? म्हटलं, मीठ कमी होतं म्हणाली. म्हणालीच असती.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तू काम सांग. काय करायचं आता?

आजच? सोमवारी तुमची बैठक, तिथे तोंडी नाही चालत, रस्त्यावरून काढलेले नवे फोटो पाहिजेत. आणि त्यात घर ओस दिसलं पाहिजे. सोमवारनंतर पैसे दुसऱ्या रांगेला गेले की गेले, परत कधी येतील ते तुलाही माहीत नाही. बरं झालं खरं सांगितलंस. मग असं कर, टॉलिव्हर बहिणींचं घे आणि मास्तरांचं घे. ती दोन्ही देते मी तुला, आत्ता पडदे काढते. इनेझचं राहू दे. सात झाली की. एका घराने काय होतंय, माणूस एवढं मागेपुढे करतो—

आठ.

आठ म्हणजे आठच. बरोबर आहे, तू तरी काय करणार, नियम तू केला नाहीस. आणि सगळी कागदं झाली तरी मी उद्या परत येत नाही घरात, दोनतीन वर्षं तरी बांधायला लागतील, तोवर मला कुठेतरी राहायला पाहिजे. कुठेतरी! कुठे ते मला माहीत आहे. रविवारी क्लिफ्टन गाडी थांबवेल, इनेझच्या दाराकडे बघेल, काच खाली करेल आणि विचारेल, आणि मग मला काही बोलताच येणार नाही. त्याच दिवशी नेईल. मी आता अठ्ठ्याहत्तरची आहे, जोसेट. दोनतीन वर्षं म्हणजे तुला काही नाही वाटत. मी परत इथे राहायला येईन असं तूही धरून चालली नसशील, खरं बोल. ...नकोच बोलूस, असू दे.

पण भिंत उभी राहील ना? नवी, सरळ, दोन्हीकडून बांधलेली? कुणीतरी येईल राहायला इनेझकडे, खरोखरचं? पायऱ्या ठेवाल? म्हणजे हाच दगड, काढून परत बसवता येतो तो, फोडायचा नाही. लिहून घे ते कुठेतरी. लिही, मी बघतेय. हं.

ऊठ मग. पेला तिथेच ठेव. गाडीत जाऊन बस, पलीकडे, तुला रस्त्यावरूनच काढायचाय ना, तर नियमाने काढ. मी करते बाकीचं. मदत नको, तुला आत पाऊल टाकता येत नाही, मला येतं.

हे टॉलिव्हरांचे पडदे. धर गं, खिडकीतून घे गाडीत, नाहीतर वाऱ्याने परत उडून येतील. हा मास्तरांचा निळा. डबे मागच्या बोळात नेते, तिन्ही. आता इनेझचा दिवा. वायर निघेना—निघाली. तिच्या पडद्याला हात लावला तर दांडीसकट खाली आला, सडलाच होता की तो, मी रोज बाहेरूनच बघत होते. आणि ही तुमची पाटी. बाकीचे खिळे सापडले नाहीत, एकावर लटकवते. वाचता येतेय ना तिथून, फुली दिसते? काढ फोटो.

का? काय झालं? पायऱ्या. हो. त्या दिसणारच, तीन तीन, आजच घासल्या. त्या पांढऱ्या दिसल्या तर तुझा साहेब म्हणेल, जोसेट, घरात बाई आहे. तुझ्या साहेबालाही आजी असेल.

थांब जरा. इकडे बघू नकोस, तिकडे कोपऱ्यावर बघ, फळवाल्याचा घोडा येतोय का ते बघ.

बादलीच आहे. सकाळचं पाणी आहे, टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं, तीन घरांचा मळ आहे यात, जो काढला तोच परत घालतेय, दुसरं काही नाही. ही टॉलिव्हरांची. ही मास्तरांची. ...ही इनेझची. वरची झाली. मधली. खालची तू नुसती ओली करायचीस ना, घे, आता नीट काळी करते.

काढ. काढलास? दाखव. जवळ धर, चष्मा आत राहिलाय. कुठे पांढरं काही उरलं नाही ना? नीट बघून सांग.

मग जा आता. जा म्हटलं ना.